मिठाचं पाणी

"दिसतंय का, ख्रू?" चांथिमाने विचारले.

ख्रू सगुआन सूक्ष्मदर्शकावर वाकले होते. एक डोळा घट्ट मिटलेला, एक हात टेबलाच्या कडेवर. गुडघ्यांवर भार येऊ नये म्हणून त्यांनी सगळे वजन त्या हातावर टाकले होते. चांथिमाने स्टूल त्यांच्या मागे सरकवले.

"दिसतायत. लाल रंगात बुडालेले ठिपके. पण हे एवढे शेजारी शेजारी राहतात आणि कुणी कुणाला शिवत नाही?"

"कूर्चेतल्या पेशी तशाच असतात," डॉ. फाचरी म्हणाल्या. "प्रत्येकीची खोली वेगळी. तिथपर्यंत रक्त पोचत नाही, नसा पोचत नाहीत. सांधा हलला की आतलं पाणी दाबलं जातं, सुटतं. त्या पाण्यातनं जे येईल तेवढंच त्यांना जगाबद्दल कळतं."

"म्हणजे आपापल्या कुटीत बसलेले भिक्खूच की."

डॉक्टर हसल्या आणि त्यांनी दुसरी काचपट्टी लावली. "आता हे बघा."

ख्रू पुन्हा वाकले. या वेळी लाल रंग जवळजवळ उडालेला होता. धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखा मधेच एखादा गुलाबी डाग. ठिपके तेच.

"हा कुणी दुसरा आजारी माणूस?"

"त्याच माणसाच्या त्याच गुडघ्यातल्या पेशी. लाल रंग म्हणजे पेशींनी स्वतःभोवती बांधलेली भिंत. सुजलेल्या सांध्यात एक रेणू सापडतो, तो आम्ही यांच्यावर घातला. 'मोडा' एवढाच त्याचा निरोप. यांनी तो ऐकला आणि आपल्याच भिंती विरघळवायला लागल्या. पहिल्या पट्टीवर घातला होता तो 'बांधा' म्हणणारा रेणू. तुमच्या गुडघ्यात टोचणार आहोत तो तोच." त्या थांबल्या. "किंवा नाही टोचणार. निम्म्या लोकांना नुसतं मिठाचं पाणी मिळेल. कुणाला काय, ते मलाही कळणार नाही आणि चानलाही नाही. हे पटत असेल तरच हो म्हणा."

ख्रूंनी मिटलेला डोळा चोळत उघडला. "पटतंय हो. पण माझ्या पेशी सरकारी नोकरीत म्हाताऱ्या झाल्यात, डॉक्टर. शिक्का नसलेला निरोप त्या ऐकायच्या नाहीत."

चांथिमाला, सगळ्यांच्या चानला, हसू आले. रुग्णालयात तिला इतकी वर्षे झाली होती, पण त्या खोलीत येऊन कुणी विनोद केलेला तिने फारसा ऐकला नव्हता.

ख्रू म्हणजे गुरुजी. थायलंडमधल्या फित्सनुलोकमध्ये शाळामास्तर पुष्कळ होते, पण नुसते 'ख्रू' म्हटले की अर्धे शहर सगुआनांनाच ओळखे. मुखवट्यांच्या नाचात त्यांनी जन्मभर यक्षाचे काम केले आणि सरकारी नृत्यविद्यालयात यक्षच शिकवला. यक्षाने उभे राहायचे म्हणजे मांड्या दोन्ही बाजूंना फाकलेल्या, गुडघे बाहेरच्या अंगाला वाकलेले, मधे धड ताठ. त्याच अवस्थेत पाय आपटत रंगमंचभर फिरायचे. वानराचे काम करणारा धावत येऊन यक्षाच्या मांडीवर चढून उभा राहतो, तेव्हा यक्षाचा एक स्नायूही थरथरता कामा नये. लहानपणी त्यांच्या गुरूंनी त्यांना भिंतीला पाठ लावून पाय पसरून बसवले होते, आणि समोर बसून आपल्या दोन्ही पावलांनी त्यांचे गुडघे भिंतीकडे रेटले होते. पुढे त्यांनीही कितीतरी पोरांचे गुडघे तसेच रेटले.

निवृत्तीनंतर गुडघ्यांनी उट्टे काढले. जिना सुटला, बाजार सुटला. पण त्यांना खरे लागले ते दुसरेच. दरवर्षी विद्यालयात एका गुरुवारी गुरुवंदना असते. मांडलेल्या मुखवट्यांसमोर गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून वंदन करायचे आणि मग नव्या विद्यार्थ्यांच्या डोक्यावर एकेक मुखवटा ठेवून त्यांना नाचात घ्यायचे, हा मान ख्रूंचा होता. एका वर्षी त्यांना खाली बसता आले नाही. मुलांनी आदराने खुर्ची आणली. ख्रू खुर्चीकडे बघत राहिले, मग म्हणाले, "गुरूंसमोर खुर्चीत बसायचं? त्यापेक्षा मी घरी बसतो." ते बसलेच घरी. तेव्हापासून बँकॉकहून कुणीतरी पाहुणा येऊन वंदना उरकून जाई.

चांथिमाचे काम साधे होते. तिचा बहुतेक जन्म वॉर्डात गेला होता. पाठ दुखू लागल्यावर तिला नव्या औषधाच्या या अभ्यासाकडे पाठवले. लोकांना फोन करायचे, आलेल्याला बसवायचे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी सरकवायची, जागा पुसायची, डॉक्टर सुई घालत असताना पाय धरायचा. आणि विचारायचे, शून्य ते दहा यात दुखणे किती.

"दहा हा आकडा मी बायको गेली त्या दिवसाला देऊन टाकलाय," ख्रू पहिल्या वेळी म्हणाले. "गुडघ्याला सहा लिही."

ती पाय धरून बोलत राही, म्हणजे माणसाचे लक्ष सुईकडे जात नाही. ख्रूंशी बोलायला विषय शोधावा लागत नसे. ते पूर्वी तिच्या आईच्या, लमजियकच्या, दुकानात जेवायला येत. नान नदीच्या काठावर लमजियकचे नूडलचे दुकान होते. फळ्यांच्या जमिनीवर कडेला बसायचे, पाय खाली मोकळे सोडायचे, समोर वाटी. पाय लोंबते ठेवून नूडल खायची या शहराची रीतच आहे.

"तुझी आई मला ओरडायची," ख्रू सांगत. "मी जेवताना पाय हलवायचो ना, ठेका धरून. म्हणायची, अरे यक्षा, माझं दुकान नदीत पाडशील."

"अजून ओरडते. आता फक्त मला."

"सांग तिला, सगुआननं विचारलंय म्हणून."

दुसऱ्या सुईनंतर ख्रूंनी सहाचे चार केले. पुढच्या खेपेला ते दारात उभे राहिले तेव्हा धापा टाकत होते, पण चेहरा असा की शाळेतून बक्षीस घेऊन आलेत.

"लिफ्ट बंद आहे का?" चांथिमा घाबरून उठली.

"चालू आहे. मी जिन्यानं आलो." ते खुर्चीत टेकले. "चान, त्यांनी निरोप ऐकला बरं का."

घरी आईला तिने हे सांगितले तेव्हा लमजियक पलंगावर पाय लांब करून बसली होती. दुकान बंद होऊन बरीच वर्षे झाली होती. उभ्याने कढई हलवण्यात तिचेही गुडघे गेले होते, ख्रूंपेक्षा वाईट.

"जगाच्या गुडघ्यांना माझी लेक," ती म्हणाली, "आणि माझ्या गुडघ्यांना बामची डबी."

"आई, किती वेळा सांगू? घरच्या माणसाला त्या अभ्यासात घेता येत नाही. नियम आहे."

"मग मी शेजारीण आहे म्हणून सांग."

चांथिमा दिवसभर उभी होती. तिने पाण्याचा तांब्या आईच्या हाताशी ठेवला, बामची डबी ठेवली आणि आंघोळीला निघून गेली. आईने आणखी काहीतरी म्हटले, ते नळाच्या आवाजात तिला ऐकू आले नाही.

गुरुवंदनेला ख्रूंनी तिला मुद्दाम बोलावले. विद्यालयाचे सभागृह फुलांनी आणि धुपाने कोंदले होते. पायऱ्यापायऱ्यांवर मुखवटे मांडलेले: ऋषी, वानर, हिरवे-पांढरे-जांभळे यक्ष. समोर मुलांच्या रांगाच्या रांगा जमिनीवर पाय दुमडून बसलेल्या. बाजूला वाद्ये, आणि खांबाजवळ थाविन. थाविन ख्रूंचा सर्वांत लाडका शिष्य. आता तोच तिथे यक्ष शिकवत होता. चाळिशीतला दांडगा गडी, पण त्याच्याही दोन्ही गुडघ्यांवर पट्टे आवळलेले.

ख्रू पांढऱ्या कपड्यांत आत आले. हातात आधाराला काही नाही. वेदीसमोर जाऊन त्यांनी क्षणभर वर पाहिले, मग एक गुडघा खाली गेला. दुसरा गुडघा टेकला. ते टाचांवर बसले, हात जोडले, आणि त्यांचे कपाळ जमिनीला लागले. वाद्ये सुरू व्हायची होती, ती थोडी उशिरा सुरू झाली, कारण ढोलकीवाला डोळे पुसत होता. थाविन खांबाला धरून लहान मुलासारखा रडत होता. चांथिमाही रडली. आपण धरलेला पाय तो, हे तिच्या मनात आले आणि त्या विचाराची तिला लाज वाटली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात निकाल आला. डॉ. फाचरींनी तिला खोलीत बोलावले आणि दार लोटून घेतले. या कामात त्यांची उमेदीची वर्षे गेली होती. त्या दिवशी त्या एकदम वयस्कर दिसल्या.

"कूर्चा जाड झाली, चान. ज्यांना औषध मिळालं त्यांची झाली. केसभरच, पण झाली. पेशींनी ऐकलं."

"मग चांगलं की."

"आणि दुखणं? ते दोन्ही बाजूंना सारखंच कमी झालंय. औषधवाल्यांचं जेवढं, तेवढंच मिठाच्या पाण्यावाल्यांचं. भिंत बांधली गेली पण घरातल्या माणसाला त्याचा पत्ता नाही, असं काहीतरी. औषध कंपनी थांबवतेय हे सगळं."

चांथिमाने विचारले, "आणि ख्रू?"

डॉक्टरांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. ख्रूंच्या नावापुढे मिठाचे पाणी होते. प्रत्येक वेळी. शेजारी गुडघ्याची दोन चित्रे, आधीचे आणि नंतरचे. नंतरच्या चित्रात कूर्चा आधीपेक्षा जरा पातळच होती.

"त्यांनी विचारलं नाही तर सांगू नकोस," डॉ. फाचरी म्हणाल्या. "पण विचारलं तर खोटं बोलायचं नाही. तो त्यांचा हक्क आहे."

बाकीच्यांना चांथिमाने फोन करून कळवले. कुणी हळहळले, कुणी "बरं" म्हणून ठेवून दिला. ख्रूंना शेवटच्या तपासणीला यायचेच होते. ती मनाशी म्हणत राहिली, विचारू नका, ख्रू, कृपा करा आणि विचारू नका.

ते जिन्याने आले. हातात केळीच्या पानात बांधलेला गोड भात होता. तपासणी झाली, आकडा विचारला. "दोन," ते म्हणाले, "आणि तेही तुझ्या समाधानासाठी." मग निघायच्या ऐवजी पुन्हा बसले.

"चान, एक काम आहे. आपल्या थाविनचं. दोन्ही गुडघे बाद झालेत त्याचे. सर्जननं तारीख दिलीय, कापून धातूचे बसवणार म्हणे. मी सांगितलं, खबरदार. थांब. माझं औषध बाजारात येईपर्यंत दम धर. तेवढं कधी येतंय ते सांग."

"ते नाही येणार, ख्रू. थांबवलंय. उपयोग झाला नाही."

"उपयोग झाला नाही?" ते हसले. "असं कोण म्हणतं? माझ्या गुडघ्याला विचारलं का?"

ते उठले. खुर्ची मागे सारली आणि त्या अरुंद खोलीत, वजनकाटा आणि पलंग यांच्या मधल्या जागेत, ख्रू सगुआन यक्ष होऊन उभे राहिले. मांड्या फाकलेल्या, गुडघे बाहेर, पाठ ताठ. त्यांचा चेहराही बदलला.

"हे काय आहे मग?" त्याच अवस्थेत ते म्हणाले. "पोरगा माझ्याकडे बघून थांबलाय. मला औषधच मिळालं होतं ना?"

खिडकीबाहेर कुणीतरी मोटारसायकल सुरू करायचा प्रयत्न करत होते. चांथिमाला वाटले, ती सुरू होईपर्यंत तरी बोलू नये.

"नाही, ख्रू. तुम्हाला मिठाचं पाणी मिळालं होतं."

ते लगेच हलले नाहीत. मग त्यांचा हात पलंगाची कड शोधू लागला. कड सापडल्यावर त्यांनी एक पाय आत घेतला, मग दुसरा, आणि उभे राहिले.

"नेहमी?"

"हो."

"साधं? स्वयंपाकातलं?"

"शुद्ध केलेलं. पण तसंच."

"आणि माझ्या भिंती?"

तिला खोटे बोलता आले असते. चित्रे त्यांनी कुठे बघितली होती? "थोड्या अजून झिजल्यात."

ख्रूंनी मान हलवली, वर्गात एखाद्याने बरोबर उत्तर दिल्यावर हलवतात तशी. "मग त्या दिवशी गुरूंपुढे गुडघे टेकले ते कुणी टेकले, चान?"

"तुम्हीच, ख्रू."

"हं," ते म्हणाले. "थाविनला सांगतो, तारीख चुकवू नकोस." गोड भाताचे पुडके त्यांनी टेबलावर सरळ करून ठेवले आणि बाहेर पडले. चांथिमा कान देऊन बसली होती. जिन्याच्या दाराचा आवाज आला नाही. लिफ्टची घंटा वाजली.

आईला सांगावे की नाही असे करत तिने रात्रीच्या जेवणात सांगून टाकले. लमजियकने घास थांबवला.

"म्हणजे मिठाच्या पाण्यानं सगुआन जिना चढला?"

"पाण्यानं नाही गं आई. पाण्यात काही नसतं."

"काही नसतं तर मलाही टोच की. मी थोडीच विचारणार आहे आत काय होतं ते."

"आई!"

"बरं, राहू दे. सुईच्या वेळी तू काय करतेस?"

"काय करणार? पाय धरते. बोलत बसते."

लमजियकने ताटातला माशाचा काटा बाजूला काढला, मग हलक्या आवाजात म्हणाली, "मग तेच असेल." आणि जेवू लागली. तक्रारीच्या सुरात म्हणाली असती तर चांथिमाने उत्तर दिले असते.

दुसऱ्या दिवसापासून ती संध्याकाळी घरी आली की पातेल्यात पाणी तापवी, मूठभर मीठ टाकी, फडके पिळून आईच्या गुडघ्यांवर ठेवी आणि वर हात धरून बसे. लमजियक दुकानाच्या गोष्टी सांगे. कोण गिऱ्हाईक उधळ्या, कोण चावट, कुणाची चप्पल नदीत पडली आणि तो पोहत आणायला गेला. चांथिमाला यातले पुष्कळ नवे होते. एकाच घरात राहून नवे.

"उतरलं का गं थोडं?"

"उतरलं," लमजियक म्हणे. "उद्या पुन्हा चढेल. उद्या पुन्हा ठेव."

ख्रूंचे चढले आणि उतरले नाही. चांथिमाने फोन केला तेव्हा ते आधी "बरा आहे" म्हणाले. मग "हवा दमट आहे, म्हणून" म्हणाले. नंतर शेजारणीने फोन उचलला आणि ख्रू झोपलेत म्हणून सांगितले, मागून त्यांच्या खोकल्याचा आवाज येत असताना. एकदा बाजारात तिने त्यांना लांबून पाहिले. हातात काठी होती. फळवाल्याच्या ठेल्यापाशी ते उभे होते आणि खाली पडलेल्या संत्र्याकडे बघत होते. फळवाल्याने वाकून ते उचलले. चांथिमा पुढे गेली नाही. खांबाआड थांबली आणि दुसऱ्या गल्लीने घरी आली.

तिने डॉ. फाचरींना विचारले, "पाण्यात काही नव्हतं, तर आता पुन्हा कसं दुखायला लागलं? कूर्चा तर एवढ्यात बदलली नाही."

"दुखणं कूर्चेत नसतंच, चान. तिथं नसाच नाहीत. ते कुठं असतं हे मला नीट कळलं असतं तर..." त्यांनी वाक्य तसेच सोडले. मग म्हणाल्या, "तू बरोबर केलंस."

बरोबर केले याचा तिला आधार वाटला नाही. एका वाक्यात आपण त्या माणसाच्या आत काय धाडले, हा विचार तिला काम करताना, भाजी चिरताना, केव्हाही गाठू लागला.

थाविन तिला व्यायामाच्या विभागात भेटला. दोन्ही गुडघ्यांवर उभे टाके, हातांखाली चौपायी आधार. त्याची शस्त्रक्रिया चांगली झाली होती. तिला बघून तो थांबला.

"पी चान," तो म्हणाला. वयाने मोठ्या बाईला म्हणायचे तसे 'पी' म्हणाला, पण आवाज कोरडा. "यंदा वंदनेला ख्रू येणार नाहीत. बँकॉकला कळवून टाकलं."

"मला माहीत नव्हतं."

"एवढं बोलायची काय गरज होती? गप्प बसला असतात तर कुणाचं काय गेलं असतं?"

"तू थांबला असतास, थाविन. वाट बघत. आणखी खराब झाले असते तुझे."

"माझे गेले असते चुलीत!" आजूबाजूचे वळून बघू लागले. त्याने आवाज खाली आणला. "मी पाय टाकतोय ना आता, प्रत्येक पावलाला वाटतं, हे मी त्यांच्याकडनं घेतलंय. तुम्हाला नाही कळायचं."

"कळतं," चांथिमा म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिले. मग व्यायाम घेणारी मुलगी "चला, पुढे चला" म्हणाली आणि तो आधार पुढे सरकवत निघून गेला.

थंडीच्या दिवसांत लमजियक गेली. दुपारी जेवून पडली, ती उठली नाही. चांथिमा कामावरून आली, पाणी तापत ठेवले, आणि फडके घेऊन आत गेली तेव्हा तिला कळले. गुडघ्यांवरून हात फिरवत ती काही वेळ तशीच बसली. मग बाहेर जाऊन तिने गॅस बंद केला.

विहाराच्या मंडपात शवपेटी ठेवली. संध्याकाळी भिक्खूंचे पठण होई आणि दुकानाची जुनी गिऱ्हाइके येत. चांथिमाला आई एवढ्या लोकांना माहीत असेल असे वाटले नव्हते. भिंतीच्या कडेने म्हाताऱ्या माणसांसाठी प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पेटीसमोर सतरंजी, उदबत्त्यांचे पात्र, आईचा दुकानातला फोटो. तरुण माणसे सतरंजीवर गुडघे टेकून वंदन करत. म्हातारी खुर्चीतूनच हात जोडत, आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे.

अग्नीच्या दिवशी दुपारी, पेटी उचलायला थोडाच अवकाश असताना, दारात काठीचा आवाज आला. ख्रू सगुआन होते. काळा सदरा, केस चापून बसवलेले. मागे थाविन, आता आधाराशिवाय, पण जपून पावले टाकणारा. कुणीतरी धावत खुर्ची पुढे केली. ख्रूंनी त्या माणसाला हात जोडले, खुर्चीला वळसा घातला आणि काठी थाविनच्या हातात दिली.

"ख्रू, नको," थाविन म्हणाला.

ख्रू सतरंजीवर आले. एक हात हवेत थोडा पुढे गेला, धरायला तिथे काही नव्हते, तो त्यांनी परत घेतला. एक गुडघा खाली गेला. दोन्ही गुडघे टेकले तेव्हा त्यांच्या गळ्यातून बारीकसा आवाज आला, तो जवळच्यांनाच ऐकू आला असेल. त्यांनी उदबत्ती धरली. काहीतरी पुटपुटले. त्यातला 'मावशी' एवढाच शब्द चांथिमाला ऐकू आला, दुकानात ते तिच्या आईला तशीच हाक मारत. मग वाकून त्यांनी कपाळ जमिनीला लावले.

ते पुन्हा ताठ बसले आणि तसेच बसून राहिले. लोकांना वाटले, जुन्या माणसाची आठवण काढतायत. मागे रांग थांबली. चांथिमाने मात्र इतक्या वेळा तो पाय धरला होता. त्यांच्या मांडीचा स्नायू पायजम्याखाली एकदा घट्ट झाला आणि सैल पडला. पुन्हा घट्ट झाला, पुन्हा सैल पडला. मानेवर घाम आला होता. ख्रूंना उठता येत नव्हते.

थाविनच्या ते ध्यानात आले आणि तो पुढे होऊ लागला. चांथिमाने त्याला नजरेनेच थांबवले. ती आपल्या जागेवरून उठली, सतरंजीवर आली, ख्रूंच्या शेजारी अगदी खेटून गुडघे टेकून बसली आणि आईच्या फोटोला हात जोडले. मुलीने पाहुण्याबरोबर एकदा वंदन करावे, यात बघणाऱ्याला विशेष काही नव्हते. तिने कपाळ टेकले. वर येताना तिने उजवा खांदा त्यांच्या बाजूला जरा उंच धरला.

क्षणभराने त्या खांद्यावर हात पडला. आधी हलका, मग सगळा भार. तिचे स्वतःचे गुडघे कचकन वाजले. ती हलली नाही.

"सावकाश, ख्रू," ती समोर बघतच म्हणाली.

"हो," ते म्हणाले. "तू बोलत राहा."